कंपनीचा मेडिक्लेम आहे, म्हणून स्वतःचा नको?

‘कंपनीचा मेडिक्लेम आहे ना, मग पदरचा हप्ता कशाला?’ हा युक्तिवाद पोकळ नाही. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत मधुमेहासारखे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, बाळंतपणाचा खर्च मिळतो, कधी आईवडीलही त्यात बसतात. स्वतः काढलेली पॉलिसी सहसा एवढं देत नाही.

पण नोकरी सुटली की हे छत्रही जातं. पन्नाशीत मधुमेह घेऊन नवी पॉलिसी काढणाऱ्याला त्या आजाराच्या खर्चासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ‘ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं की!’ येतं, पण तिथे कंपनी प्रकृती पुन्हा तपासू शकते, आणि तो निकाल आपल्या हातात नसतो. तिशीत धडधाकट असताना पॉलिसी घेतली, तर ही ३ वर्षं नोकरीचं कवच असतानाच सरतात. शिवाय २०२४च्या नियमांनुसार सलग ५ वर्षं झाली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याचं कारण सांगून दावा नाकारता येत नाही. हे घड्याळ लवकर सुरू करण्यातच शहाणपण आहे.

दुसरा सल्ला अधिक चतुर आहे: कंपनीच्या ५ लाखांवर फक्त सुपर टॉप-अप घ्या, स्वस्तात भागतं. नोकरी आहे तोवर भागतंही. मात्र ५ लाखांची वजावट असलेला सुपर टॉप-अप वर्षभराचा खर्च ५ लाखांपुढे गेल्यावरच पैसे देतो. नोकरी गेली, तर ते पहिले ५ लाख कुणाचे? आपलेच. म्हणून मी म्हणेन, आधी स्वतःची ५ लाखांची मूळ पॉलिसी, मग तिच्यावर सुपर टॉप-अप. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि फ्लोटर (म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेल्या) आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे.

नवरा-बायको-मुलांना फ्लोटर ठीक. आईवडिलांना मात्र त्यात घालू नये. फ्लोटरचा हप्ता सहसा सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो, आणि वडिलांच्या एका बायपासमध्ये नातवंडांचीही रक्कम संपू शकते. त्यांची पॉलिसी वेगळीच हवी.

आणि सही करण्याआधी खोलीभाड्याची अट वाचा. मर्यादा ५,००० असताना १०,०००ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांच्या फीमधलाही निम्मा वाटा आपल्या माथी येतो.