लपायचं कुणी आणि चोर कोण?

अमेरिकेच्या टीव्हीवर एक कुटुंब लपून बसलं होतं. तीन भाग लपलं, मग चॅनलनंच त्याला घराबाहेर काढलं. मालिकेचं नाव 'रनअवे'. २५ सप्टेंबर २००६ ला सुरू, ऑक्टोबरात खलास. बघणारे कमी पडले, दुसरं काही नाही. अशा पडेल मालिकेवर आपण कागद कशाला काळा करायचा? कारण मेलेल्या मालिकेत व्यवस्थेचं पोट उघडं दिसतं. चालत्या मालिकेत ते भरजरी कपड्याखाली झाकलेलं असतं.

गोष्ट अशी. पॉल रेडर नावाचा गोरा वकील. बरोबर काम करणाऱ्या बाईचा खून होतो, आळ ह्याच्यावर. खून ह्यानं केलेला नाही. बायको आणि तीन पोरं घेऊन तो पळतो, आयोवातल्या एका छोट्या गावात 'हॉलंड' ह्या आडनावानं बिऱ्हाड करतो. पोरांनी नवं आडनाव पाठ करायचं, जुने दोस्त तोडायचे, शाळेत तोंड सांभाळून बोलायचं. खरा खुनी सापडला की सगळं ठीक. जुनं नाव परत, जुनी अब्रू परत.

साचा जुनाच आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये तिकडं 'द फ्युजिटिव्ह' सुरू झाली. खुनाचा आळ आलेला डॉक्टर, तोही गोरा, तोही निर्दोष. १९६७ पर्यंत १२० भाग तो पळत राहिला आणि देश त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसला. शिकलेला, सभ्य, गोरा माणूस लपतोय, म्हणजे जगात काहीतरी चुकलंय! ही चूक शेवटच्या भागात दुरुस्त व्हायलाच पाहिजे. झालीही.

आता दोस्तांनो, हेच साल धरा. १९६३. ह्याच वर्षी मराठीत बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. त्यातल्या गोष्टीतला पोरगा रेल्वेत नोकरीला लागतो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. कळल्यावर मार खातो. ह्यानं खून केला नव्हता. ह्याच्यावर खुनाचा आळसुद्धा नव्हता. मग गुन्हा काय? शीर्षकातच आहे. चोरली! स्वतःची जात स्वतःजवळ ठेवली, तर ती चोरी. डॉक्टरच्या गोष्टीत आधी गुन्हा घडतो, मग लपणं येतं. आमच्या गोष्टीत लपणं हाच गुन्हा. कुठला खरा खुनी शोधून आणणार? कुठल्या कोर्टात उभं राहून सांगणार, की साहेब, मी जन्मलो त्यात माझा दोष नाही?

एवढा एक फरक टीव्हीच्या डोक्यात शिरत नाही. निर्दोष असणं गोऱ्या वकिलाला सोडवतं. आम्ही निर्दोष असतोच, म्हणून काय झालं?

अमेरिकेतली खरी लपलेली कुटुंबं ह्या मालिकावाल्यांना माहीत नव्हती असं नाही. हॅरिएट जेकब्ज घ्या. नॉर्थ कॅरोलिनातली गुलाम बाई. मालकाच्या वासनेपासून वाचायला १८३५ मध्ये पळाली आणि आजीच्या घराच्या छपराखाली शिरली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंची जास्तीत जास्त तीन फूट. तिथं जवळजवळ सात वर्षं. पोरं खाली खेळायची, आई भोकातून बघायची. हाक मारता यायची नाही. पुढं उत्तरेला निसटली, तर १८५० चा पळून गेलेल्या गुलामांचा कायदा तिच्या मागं. त्या कायद्यात पकडलेल्याची साक्ष धरत नसत, ज्यूरी नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला मालकाच्या बाजूनं निकाल दिला तर दहा डॉलर, गुलामाच्या बाजूनं दिला तर पाच. न्यायाचा भावच ठरलेला! १८५२ मध्ये ती सुटली. कशानं? निर्दोष ठरून नाही. ३०० डॉलर मोजून तिला विकत घेतली गेली, तेव्हा. १८६१ मध्ये तिनं स्वतःची कहाणी छापली, तीही 'लिंडा ब्रेंट' ह्या खोट्या नावानं. लिहितानाही लपावं लागलं.

कुणी म्हणेल, आपल्याला अमेरिकेचं काय? अरे, जोतीबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते काळ्या पँथरांचं. आपलं नातं तिथल्या छपराखालच्या बाईशी आहे, वकिलाशी नाही.

बरं, पळणाऱ्या गुलामांची मालिकाही आली. 'अंडरग्राउंड', २०१६. जॉर्जियातल्या मळ्यावरून १८५७ साली पळणारी माणसं. लोकांनी बघितली. ती ज्या चॅनलवर होती तिथं आकडे चांगले आले. तरी दोन वर्षांत, वीस भागांवर, मे २०१७ मध्ये बंद. चॅनलच्या मालक कंपनीचा विक्रीचा सौदा त्याच महिन्यात जाहीर झालेला, आणि चॅनलला आता महागडी नाटकं नको होती. तो सौदाही २०१८ मध्ये फिसकटला. म्हंजे गोऱ्याची मालिका पडली कारण कुणी बघेना. काळ्याची पडली, बघत होते तरीही. आणि 'रनअवे'ची सोमवारची जागा कुणाला दिली? काळ्या कुटुंबांच्या विनोदी मालिकांना. हसवायला चालतात. त्यांच्या भीतीला गिऱ्हाईक नाही म्हणे!

आता तारीख परत बघा. २५ सप्टेंबर २००६ ला ते खोटं कुटुंब टीव्हीवर लपलं. चार दिवसांनी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एक खरं कुटुंब संपवलं. सुरेखा, प्रियांका, सुधीर, रोशन भोतमांगे. हे लोक लपले नव्हते. उघड राहत होते, जमीन कसत होते, पोरं शिकत होती. सुरेखाबाईंनी मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढं साक्ष दिली होती. लपले नाहीत, हाच राग. वाचले फक्त भैयालाल, ते लपले म्हणून. मोठ्या पेपरांना जाग यायला आठवडे लागले, रस्त्यावर आपली पोरं उतरली तेव्हा. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ मध्ये खून मान्य केले, सहा जणांना फाशी सांगितली, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. नागपूर खंडपीठानंही २०१० मध्ये तो लावला नाही, फाशीच्या जागी २५ वर्षं कैद दिली. जात कुठं गेली? आम्ही लपवली तर चोरी. निकालपत्रात लपली तर न्याय!

म्हणून ज्या शहाण्यांना मुंबई-पुण्यात खोली शोधताना आडनाव बदलून सांगणारा पोरगा गद्दार वाटतो, त्यांनी जरा थांबावं. "पूर्ण नाव काय? गाव कुठलं? घरात मटण-मासे चालतात का?" हे प्रश्न तो विचारत नाही, त्याला विचारतात. लाज विचारणाऱ्याची आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावू की नको ह्याचा हिशेब करणारी आई घाबरट नाही. तिला खैरलांजी माहीत आहे.

पण दोस्ता, तुलाही एक सांगतो. आडनाव बदलून सुटका होते, हे टीव्हीचं खोटं आहे. वकिलाच्या गोष्टीला शेवटचा भाग असतो. तुझ्या गोष्टीला नाही. आज घरमालक, उद्या ऑफिस, परवा पोरीच्या लग्नात सोयरे. तू किती भाग पळणार?

तेव्हा आपली निर्दोषता सिद्ध करत फिरणं बंद. विचारणाऱ्याला उभा करा. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त आपल्याच समाजाला सभासद करायचा नियम उचलून धरला. सोसायट्यांच्या कुंपणाला असा कायद्याचा टेकू असेल, तर लढाई त्या टेकूशी आहे. घर भाड्यानं देताना, विकताना जात विचारणं हा गुन्हा ठरला पाहिजे, ही मागणी वस्तीवस्तीतून गेली पाहिजे. आणि जिथं नकार मिळाला तिथं एकट्यानं मान खाली घालून परत यायचं नाही. तारीख, पत्ता, काय विचारलं, सगळं लिहून ठेवायचं, दहा जण मिळून परत त्याच दारात जायचं.

टीव्हीवाले आपली गोष्ट करतील म्हणून वाट बघू नका. केली तरी केव्हा बंद करायची ते त्यांचे मालक ठरवतील. तुमच्या घरात कोण कुठं लपलं, कुणापासून, किती वर्षं, हे आईला विचारा, आजीला विचारा. लिहा. खऱ्या आडनावानं लिहा, आणि ज्याला आज ते जमत नाही त्यानं खोट्या नावानं लिहा. जेकब्जबाईनं तसंच लिहिलं, आणि दीडशेवर वर्षांनी आपण तिचं खरं नाव घेतोय.

जयभीम.