मैत्रीच्या भरवशावर

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कितीही मोठी बातमी असो, अंक हाती पडताच तो उलटा करून शेवटचे पान आधी वाचणारा वाचकवर्ग गोमंतकात थोडाथोडका नाही. आणि अग्रलेख लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना त्याचा कधी विषादही वाटलेला नाही. सकाळी तिठ्यावरच्या हॉटेलात भाजी-पावाची बशी समोर येईपर्यंत आदल्या दिवशीच्या सामन्याचा न्यायनिवाडा झालेला असतो, आणि पाव संपेपर्यंत त्यावरील अपिलाचाही निकाल लागतो. मग बोलणे हळूहळू मागे सरकते. आजच्या एखाद्या फलंदाजावरून ते 1971 च्या किंग्स्टनवर जाते. 75 धावांत पाच गडी परतले असता मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना जोडीस घेऊन 137 धावा कशा जोडल्या आणि स्वतः 212 पर्यंत कशी मजल मारली, हे ज्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तोच अधिक तपशिलाने सांगतो. सोलकर 2005 साली गेले, सरदेसाई 2007 साली. तिठ्यावर मात्र दोघेही अद्याप नाबाद आहेत.

अशा गप्पांची गणना रिकामटेकडेपणात करण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांला ती मान्य नाही. धावा, गोल आणि पदके यांची नोंद वह्यांतून राहते. पण माणूस कसा होता, हरल्यावर कसा वागला, जिंकल्यावर कोणाच्या घरी जेवायला गेला, ही नोंद मित्रांच्या बोलण्याखेरीज अन्यत्र कोठेही होत नसते. आम्हांला आज जे सांगावयाचे आहे ते मात्र थोडे निराळे आहे. ज्या मैत्रीच्या बळावर खेळाडूची आठवण टिकते, त्याच मैत्रीच्या बळावर आपल्या देशात त्याचे म्हातारपण आणि आजारपणही निभावले जाते, आणि ही गोष्ट भूषणावह असली तरी पुरेशी नाही.

गोल्फ हा खेळ आमच्या बहुसंख्य वाचकांच्या नित्याच्या व्यवहारातला नव्हे. मोबोरच्या पंचतारांकित हॉटेलाच्या कुंपणाआड तो चालतो. तेरेखोलच्या कुळांनी तेथील नियोजित गोल्फ प्रकल्पाविरुद्ध दिलेला लढा 2014 साली गाजला, तेव्हा त्याचे नाव गावोगाव पोचले, पण ते काही प्रेमापोटी नव्हे. तरीही या खेळाचा एक गुण नाकारता येणार नाही. एक डाव पुरा व्हावयास चार तास लागतात. त्यात चांगला खेळाडू चेंडूला हात घालतो तो सत्तर-पंचाहत्तर वेळा, तोही प्रत्येक वेळी दोन-चार क्षण. उरलेला वेळ हिरवळीवरून चालण्याचा आणि बोलण्याचा. चौघे मित्र सकाळी निघतात आणि दुपारपर्यंत जगातल्या साऱ्या सामन्यांचा समाचार घेऊन परततात. आमच्या हॉटेलातल्या बाकड्याचेच हे श्रीमंत भावंड म्हणावयाचे! निवृत्त खेळाडूंना या खेळाची ओढ का वाटते, ते यावरून कळते. ज्यांचे गुडघे धावण्यास राजी नाहीत पण ज्यांची जीभ आणि जिद्द शाबूत आहे, त्यांच्यासाठीच तो जणू निर्माण झाला आहे. कै. मिल्खासिंग उतारवयातही चंदीगडच्या गोल्फ मैदानावर जात. रोममध्ये 1960 साली ज्यांचे पदक निसटले, त्यांच्या चिरंजीवांनी, जीव मिल्खासिंग यांनी, 2006 साली व्होल्व्हो मास्टर्ससारखी युरोपातील मानाची स्पर्धा जिंकली. श्री. कपिल देव तर क्रिकेट सोडल्यावर गोल्फमध्ये असे रमले की 2024 च्या जूनमध्ये व्यावसायिक गोल्फपटूंच्या भारतीय संस्थेने त्यांना अध्यक्ष केले.

त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच बडोद्याच्या अंशुमान गायकवाड यांच्या दुखण्याची वार्ता आली. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता आणि लंडनच्या रुग्णालयात उपचार चालू होते. श्री. संदीप पाटील त्यांना तेथे भेटले. दोन जुन्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून उपचारास पैशाची निकड आहे हे निघाले आणि पाटलांनी ते वर्तमानपत्रात लिहिले. मग कपिल देवांनी आपले निवृत्तिवेतन देऊ केले. मोहिंदर अमरनाथ, मदनलाल, गावसकर, वेंगसरकर हे जुने सवंगडीही मदतीसाठी पुढे सरसावले. जुलैच्या मध्यास क्रिकेट नियामक मंडळाने एक कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्याच्या 31 तारखेस गायकवाड निवर्तले. त्यांचे वडील दत्ताजीराव, ज्यांनी 1959 साली इंग्लंडमध्ये भारताचे नेतृत्व केले, ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत 95 व्या वर्षी गेले होते.

अंशुमान गायकवाड कोण होते, हे नव्या वाचकांसाठी सांगावयास हवे. 1976 साली किंग्स्टनच्या त्या बदनाम खेळपट्टीवर, हेल्मेट नसलेल्या काळात, ते होल्डिंग आणि मंडळींचे चेंडू अंगावर घेत 81 धावांपर्यंत उभे राहिले. अखेर एक चेंडू कानावर बसला, पडदा फाटला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. कर्णधार बेदींनी आपल्या गोलंदाजांना वाचविण्यासाठी 306 धावांवर सहा गडी बाद असता डाव सोडला. दुसऱ्या डावात 97 धावांवर भारताचा खेळ संपला, कारण फलंदाजीस येऊ शकतील असे गडीच उरले नव्हते. बेदीही 2023 च्या ऑक्टोबरात गेले. याच गायकवाडांनी 1983 साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध 671 मिनिटे तळ ठोकून 201 धावा केल्या. 40 कसोटी सामने खेळलेला, देशाच्या संघाचा प्रशिक्षक राहिलेला हा माणूस. त्याच्या औषधपाण्याची व्यवस्था मंडळाच्या नियमाने आपोआप व्हावी की एका मित्राने दुसऱ्याविषयी वर्तमानपत्रात लिहावे तेव्हा व्हावी?

मंडळाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2022 च्या जूनमध्ये त्याने माजी कसोटीपटूंचे निवृत्तिवेतन वाढवून किमान 60,000 रुपये केले, प्रथम श्रेणीच्या खेळाडूंचेही वाढविले. केंद्र सरकारचा खेळाडूंसाठी कल्याण निधी 1982 पासून आहे. परंतु निधी आणि हक्क यांत अंतर असते. निधीकडे अर्ज करावा लागतो, आपण विपन्नावस्थेत आहोत हे लिहून द्यावे लागते. आणि ज्याने अंगावर चेंडू झेलले त्याला हे लिहिणे त्या चेंडूंपेक्षा जड जाते. मग मित्र हाच अर्ज होऊन बसतो. गायकवाडांना कपिल देव होते. ज्याचे मित्र त्याच्यासारखेच फाटके आहेत त्याने काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर गोल्फच्याच इतिहासात आहे. दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरी भारतीय वंशाच्या गरीब घरात पापवा सेवगोलम जन्मला. गोऱ्यांच्या पिशव्या वाहणारा तो कॅडी. हात उलटे धरून, म्हणजे डावा खाली आणि उजवा वर धरून तो खेळत असे. कोणी शिकविलेच नव्हते, तेव्हा चुकीचे ठरविणारेही कोणी नव्हते. ग्रॅहम वुल्फ नावाच्या एका गोऱ्या कारखानदाराने त्याचा खेळ ओळखला आणि त्याला युरोपात नेले. 1959 साली पापवाने हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली, पुढल्या वर्षी पुन्हा, 1964 साली तिसऱ्यांदा. मायदेशी 1963 साली त्याने नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली. पण वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबच्या इमारतीत पाऊल टाकता येईना. गोरे खेळाडू आत छपराखाली आणि विजेता बाहेर पावसात, अशा स्थितीत त्याच्या हाती चषक देण्यात आला. ते छायाचित्र जगभर गेले. 1965 साली त्याने त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्यास मागे टाकले. लवकरच सरकारने त्याला स्पर्धांतून खेळण्यास बंदी केली आणि त्याचे पारपत्रही काढून घेतले. 1978 साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, तो हलाखीत मरण पावला. दरबानमधील एका सार्वजनिक मैदानास पुढे त्याचे नाव देण्यात आले.

वुल्फची मैत्री खरी होती. तिने पापवाला युरोपचे दार उघडून दिले. दरबानच्या क्लबचे दार मात्र ती उघडू शकली नाही. जे काम कायद्याचे आणि संस्थेचे, ते एकट्या मित्राच्या आवाक्याबाहेरचे असते, मग तो कितीही धनवान का असेना. आपल्याकडे असा कायदा नव्हता, पण क्लबांच्या पायऱ्या आपल्याकडेही उंचच होत्या. भारताची खुली गोल्फ स्पर्धा 1965 साली हौशी खेळाडू पी. जी. सेठी यांनी जिंकली. त्यानंतर 25 वर्षे ती परदेशी पाहुण्यांनीच नेली, आणि 1991 साली ती परत आणली ती दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी. इंदूरच्या वाचकांना ठाऊकच असलेले महूचे मुकेश कुमार 2016 साली, वयाच्या 51 व्या वर्षी, आशियाई मालिकेतील आपली पहिली स्पर्धा जिंकून मोकळे झाले.

महाराष्ट्राला हे धडे परक्यांकडून घेण्याचे कारण नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले ते गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून उभ्या केलेल्या 7,000 रुपयांवर. परत आले ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. ज्यांनी पैसे दिले त्यांनीच आनंदही साजरा केला, हे उचितच झाले. 1984 साली खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर लागला तो 2000 सालचा, म्हणजे ते घ्यावयास नसताना.

आणि आता आमच्या घरचे. कोलवाळचे फोर्तुनातो फ्रांको हे 1962 साली जाकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय फुटबॉल संघातले गोमंतकीय. तो अंतिम सामना 4 सप्टेंबरचा. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही पुरे झाले नव्हते! ज्या प्रदेशाच्या माणसांना आदल्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज प्रजा म्हणून जगावे लागले, तिथला एक पुत्र भारताच्या विजयी संघात होता, ही गोष्ट आमच्या शाळांतील मुलांना किती वेळा सांगितली गेली असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. फ्रांको 10 मे 2021 रोजी गेले. महासाथीच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दारात जाण्याची चोरी होती. पुढल्याच महिन्यात मिल्खासिंग गेले, त्याच्या पुढल्या महिन्यात 1983 च्या विश्वचषकातले यशपाल शर्मा. त्या गलबल्यात फ्रांको यांच्या वाट्याला किती ओळी आल्या असणार! त्यांचे सवंगडी प्रदीपकुमार बॅनर्जी आणि कर्णधार चुनी गोस्वामी आदल्या वर्षीच गेले होते. तुलसीदास बलराम 2023 साली गेले. त्या संघाचे गुरू रहीमसाहेब सुवर्णपदकानंतर वर्ष पुरे होण्याआधीच कर्करोगाने वारले होते. त्यांच्यावरचा चित्रपट पडद्यावर आला तो 2024 च्या एप्रिलमध्ये.

कोणी म्हणेल, आजचे खेळाडू कोट्यवधी मिळवितात, त्यांची चिंता अग्रलेखांनी कशाला करावी? ती आम्ही करीतही नाही. आम्ही बोलतो आहोत ते कापणी झालेल्या शेतात अनवाणी फुटबॉल खेळून खाण कंपन्यांच्या संघांपर्यंत पोचलेल्या, हजेरीपटावर नाव लागले यातच धन्यता मानणाऱ्या पिढीविषयी. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या संघांनी 2016 साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा त्या पिढीच्या ओळखीचा शेवटचा पत्ताही पुसट झाला. आज तिच्यातले बरेच जण सत्तरी ओलांडून गेले आहेत. गुडघे गेलेले, पाठ गेलेली. त्यांचे मित्र त्यांच्याच वाड्यावरचे, त्यांच्याच वयाचे. वर्तमानपत्रात लेख लिहिणारा त्यांच्यात कोणी नाही.

2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याने 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरविल्या. स्टेडियमांची डागडुजी झाली, रोषणाई झाली, आणि ते योग्यही होते. त्या खर्चाच्या अल्पशा अंशात होण्याजोगे एक काम आम्ही सुचवितो. क्रीडा खात्याने आणि गोवा फुटबॉल संघटनेने, तसेच अन्य खेळांच्या संघटनांनी, राज्याचे प्रतिनिधित्व केलेल्या साठीपुढच्या प्रत्येक खेळाडूची यादी तालुकावार तयार करावी. खात्याच्या माणसाने त्याच्या घरी जावे, त्याने कचेरीत येऊ नये. त्याच्या आरोग्यविम्याचा हप्ता सरकारने आणि ज्या कंपनीच्या नावाने तो खेळला तिने मिळून भरावा. आणि त्याच भेटीत ध्वनिमुद्रक सोबत न्यावा, त्याला बोलू द्यावे, तो ज्या सामन्यांविषयी बोलेल ते टिपून घ्यावेत. शेजारचे चार म्हातारे ओसरीवर आपोआप जमतील आणि त्याच्या चुका दुरुस्त करतील, तेही मुद्रित व्हावे. नवा मोसम पावसाळा संपता संपता सुरू होतो. बारा तालुक्यांची यादी करावयास चार महिने पुरे आहेत.