माणूस ‘दफ्तरे’ होत नाही

गुजरात सरकारच्या सेवेत असताना कित्येक फायलींवर आम्ही ‘दफ्तरे’ असा शेरा मारून हात झटकले. कागद असा मिटवता येतो; माणूस नव्हे.

५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई-७ हे लढाऊ-बॉम्बफेकी विमान पाकिस्तानातील शोरकोट रोड तळावरील हल्ल्यात पडले. ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी शोधात आयुष्य वेचले. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानचे तुरुंग पाहून रिक्तहस्ते परतले. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हेच त्या देशाचे उत्तर.

परक्यास दोष देणे सोपे असते. आमचा प्रश्न स्वकीयांस आहे. त्या युद्धाचा अधिकृत इतिहास १९९२ साली सिद्ध होऊन बंदिस्त राहिला. २००० साली तो फुटला, तो वृत्तपत्रामुळे. सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. परंतु जे विमान १९८० च्या दशकातच निवृत्त झाले, त्याच्या अखेरच्या उड्डाणात कोणते गुपित उरले? ब्रिटनने महायुद्धातील वैमानिकांच्या फायली खुल्या केल्या. तेथे बॉम्बफेकी विमानातील आजोबांचा शेवट नातू वाचू शकतो. आपल्याकडेही पंचवीस वर्षांवरील कागद तपासून अभिलेखागारात धाडण्याचे धोरण २०२१ साली ठरले. मग बेपत्तांचे कागद त्यात अग्रक्रमाने का नसावेत?

बेपत्ताचा पालाशविधीसुद्धा आपले शास्त्र बारा वर्षे वाट पाहिल्यावाचून करू देत नाही. सरकारने निदान कागद तरी घरच्यांच्या हाती द्यावेत.