एचबीएसएजी पॉझिटिव्ह, पुढे काय?

हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासले जाते आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह येतो. केसपेपरवर लाल शाईने शेरा पडतो, पेशंटचा नंबर यादीत शेवटी ढकलला जातो, सर्जन हातमोज्यांचे दोन जोड चढवतात. डिस्चार्ज कार्डावर मग जाळी, टाके, अँटिबायोटिक सगळे असते. त्या शेऱ्याचे पुढे काय करायचे, ते मात्र नसते. रिपोर्ट आपण आपल्या बचावापुरता वाचलेला असतो.

पेशंटने विचारलेच तर ‘एसजीपीटी नॉर्मल आहे, काळजी नको’ हे उत्तर तयार असते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. या विषाणूच्या डीएनएचे तुकडे यकृतपेशीच्या गुणसूत्रांत घुसतात, म्हणून सिऱ्होसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो. तैवानमध्ये बीस्ली आणि सहकाऱ्यांनी 22,707 पुरुषांचा पाठपुरावा केला. एचबीएसएजी पॉझिटिव्ह पुरुषांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या 223 पट, असे त्यांनी 1981 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नातेही इतके घट्ट नाही!

हिपॅटायटिस सी हा आरएनए विषाणू. तो बहुधा सिऱ्होसिसच्याच वाटेने कर्करोगापर्यंत नेतो. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांच्या शरीरातून जातो, पण झालेला सिऱ्होसिस राहतो. अशा पेशंटची सोनोग्राफी ‘बरे झालात’ म्हणून थांबवू नये.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला की एचबीईएजी, एचबीव्ही डीएनए, एलएफटी, प्लेटलेट आणि सोनोग्राफी करून घ्यावी. सिऱ्होसिस असलेले, घरात कुणाला यकृताचा कर्करोग झालेले, तसेच चाळिशी ओलांडलेले पुरुष आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायका यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी, जोडीला अल्फा फीटोप्रोटीन. दोन सेंटिमीटरची गाठ काढता येते, जाळता येते. पोट फुगून, वजन उतरून आलेल्याला देण्यासारखे आपल्याकडे फारसे काही नसते. खर्चाची सबबही आता पुरती टिकत नाही. 2018 साली सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्ही विषाणूंची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

घरच्यांचेही रक्त तपासावे, निगेटिव्ह असतील त्यांना लस द्यावी. आणि बाळंतिणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर बाळाला पहिला डोस 24 तासांच्या आत, जोडीला इम्युनोग्लोब्युलिन. जन्मवेळी लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. शनिवारी रात्री जन्मलेल्या बाळाची लस सोमवारच्या ओपीडीवर ढकलली, तर ती वेळ निघून गेलेली असते.