हा माणूस कोण? – आठवीच्या वर्गासाठी एक रहस्यकथा



मुलांच्या हातात रहस्यकथा दिसली की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. "अभ्यासाचं काही वाच की जरा!" हे वाक्य ठरलेलं. फास्टर फेणेला आपण घरात घेतलं, पण बाबूराव अर्नाळकर मात्र उशीखालीच राहिले. माझं मत उलट आहे. पुरावा कशाला म्हणायचं, हे शिकवायला रहस्यकथेइतकं सोयीचं दुसरं साधन नाही. त्यासाठी रक्तपातही लागत नाही. एक स्मृती गेलेला माणूस आणि 'हा कोण?' एवढा प्रश्न पुरतो. अशी एक गोष्ट खरोखर घडली आहे, तीच आज सुचवते.

गोष्ट इटलीतली, पहिल्या महायुद्धानंतरची. मार्च १९२६ मध्ये तुरिन शहरातल्या ज्यू दफनभूमीत फुलदाणी चोरताना एक माणूस पकडला गेला. नाव विचारलं तर सांगता येईना. गाव, घर, काहीच आठवेना. त्याला जवळच्या कोलेन्यो इथल्या मनोरुग्णालयात ठेवलं. पुढच्या फेब्रुवारीत एका लोकप्रिय साप्ताहिकानं त्याचा फोटो छापला आणि विचारलं, याला कोणी ओळखतं का?

वेरोना शहरातून उत्तर आलं. तिथले प्राध्यापक जुलिओ कानेल्ला युद्धावर गेले होते आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मॅसिडोनियाच्या आघाडीवर बेपत्ता झाले होते. मृतदेह मिळाला नव्हता. त्यांच्या पत्नी जुलियाबाई कोलेन्योला आल्या, त्या माणसाला पाहिलं आणि म्हणाल्या, हेच माझे पती. काही दिवसांत तो त्यांच्यासोबत घरी गेला.

वर्गात इथे थांबा. पुढचं काही सांगू नका. प्रत्येकाला कागदावर लिहायला लावा: तुम्हाला पटलं का, आणि का? बहुतेक मुलं 'हो' लिहितात. "बायकोला नवरा ओळखू येणार नाही का, मॅडम?" हा त्यांचा मुद्दा. मुद्दा वाईट नाही, फोडू नका.

मग दुसरी चिठ्ठी द्या. पोलिसांना एक निनावी पत्र आलं. हा प्राध्यापक नाही, हा तुरिनचा मारिओ ब्रुनेरी, छापखान्यातला कामगार, फसवणुकीच्या गुन्ह्यांत पोलिसांना हवा असलेला. निनावी पत्रावर विश्वास कसा ठेवायचा, असं कोणीतरी विचारेलच. विचारलं तर पाठ थोपटा. पण मग ब्रुनेरीची बायको आली, मुलगा आला, आणि त्यांनीही त्याला ओळखलं. आता दोन घरं, दोन बायका, दोघीही ठाम. म्हणजे 'घरच्यांनी ओळखलं' एवढ्यावर निकाल लागत नाही, हे मुलांचं मुलांना कळतं. फळ्यावर लिहावं लागत नाही.

त्यानंतर बोटांचे ठसे. ब्रुनेरीचे जुने ठसे पोलिसांच्या दप्तरी होते, ते जुळले. (विज्ञानाच्या शिक्षकांना इथे वर्गात बोलवा. शाईचा पॅड आणि कोरे कागद एवढंच सामान. ठशांची वर्गवारी करायची पद्धत आपल्याकडे कोलकात्यात घडली, १८९७ मध्ये तिथे ठशांचं कार्यालय निघालं आणि त्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांची मेहनत होती, हेही सांगा.)

गोष्ट इथे संपायला हवी होती ना? संपली नाही. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ठसे जुळल्यावरही जुलियाबाई हटल्या नाहीत. खटले वर्षानुवर्षं चालले, वर्तमानपत्रं भरली, लोक दोन तटांत विभागले. शेवटचा निकाल लागायला १९३१ चा डिसेंबर उजाडला: हा ब्रुनेरीच. तरी शिक्षा भोगून तो जुलियाबाईंसोबतच ब्राझीलला गेला आणि १९४१ मध्ये तिथेच वारला. त्यांना मुलंही झाली होती.

मुलं इथे हसतात. हसू द्या, पण मग विचारा: दहा वर्षं ज्याची वाट पाहिली, ज्याचं प्रेतही पाहिलं नाही, तो समोर आला असं वाटलं, तर तुम्ही ठसे बघाल का? जुलियाबाईंना खुळ्यात काढून धडा संपवला तर काहीच शिकवलं नाही असं समजा. हवंहवंसं उत्तर समोर असलं की शहाणी माणसंही पुरावा बघत नाहीत.

"पोर्शन कधी संपवायचा?" असं विचाराल. दोनच तास लागतात. आणि हे केवळ मौज म्हणून सांगत नाही. आपल्या मुलांच्या हातात आज फोन आहे, त्यावर अनोळखी चेहऱ्यांचे फोटो येतात, खाली लिहिलेलं असतं, 'हीच ती मुलं पळवणारी टोळी, पुढे पाठवा.' १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, ते अशाच अफवेपायी. त्या जमावाचीही खात्री पटलेली होती. कोलेन्योच्या माणसाला चुकीचं घर मिळालं, राईनपाड्यात जीव गेले. पालकांनो, रहस्यकथेनं मुलं बिघडतील अशी भीती वाटत असेल, तर ही दुसरी भीती शेजारी ठेवून बघा.

एक चिठ्ठी मात्र शेवटपर्यंत खिशात ठेवा. २०१४ मध्ये इटलीतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी वंशजांची डीएनए तपासणी झाली, आणि तो माणूस कानेल्ला नव्हता हे पुन्हा दिसलं. ती वाचून दाखवलीत तरी कोणीतरी विचारेलच, "मग त्याची स्मृती खरंच गेली होती, की ते सोंग होतं?" त्यावर वर्ग भांडेल. भांडू द्या, घंटा झाली तरी.