उद्यान : झाडांची खुली शाळा

सार्वजनिक उद्यान म्हणजे केवळ करमणुकीची जागा, ही समजूत चुकीची आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांस खुली झाली, ती एका शेतकी व बागायती मंडळीच्या उद्योगातून. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. आजच्या या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती अशी देशोदेशींची झाडे एका फेरीत पाहावयास मिळतात. नूतनीकरणाच्या एका आराखड्याने वृक्षांस धोका दिसताच नागरिकांनीच त्यांचा कैवार घेतला. ओळखीचे झाड माणूस राखतो, हाच त्याचा बोध होय.

दिव्याहून ही बाग एका धीम्या लोकलच्या अंतरावर आहे. परंतु खाडीकाठची भातखाचरे इमारतींखाली जात असता, दिव्याच्या मुलांस भेंड व करंज यांतील भेद कोणी दाखवावा? शाळेच्या आवारात, मोकळ्या सार्वजनिक जागेत खारी माती सोसणारी भेंड, उंडी, करंज ही झाडे लावून प्रत्येकास नावाची पाटी द्यावी. गावोगावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसही हे सहज करता येईल. जागा महाग झाली, अशी सबब सांगितली जाईल. महाग झाली म्हणूनच ती आज राखली पाहिजे; उद्या ती मिळणार नाही.