शिवणीतली माया

लेकीच्या भरतनाट्यमसाठी ड्रेस भाड्याने आण, असं परवा पुन्हा एकीने सुचवलं. का म्हणून? घरात आईची जुनी कांजीवरम आहे, शिलाई मशीन आहे. भाड्याच्या ड्रेसचा पंखा उभं असताना झकास दिसतो, पण पोरगी अरैमंडीत बसली की ताणला जातो! कारण माप उभ्याने धरलेलं. पायजम्याचं आसन अरैमंडीत बसवूनच मोजायला हवं, पंख्याच्या चुण्याही त्यावरच ठरतात. आणि बाजूच्या शिवणीत दोन इंच माया सोडली, की वाढत्या पोरीचा ब्लाऊज उसवून मोठा करता येतो. मी उसवलेल्या विकतच्या ब्लाऊजात अर्धा इंचही नव्हती.

"वेळ कुठे असतो गं?" म्हणे. मालिका बघायला असतो! (आमच्याकडे दोन्ही एकदमच चालतं.)

आईच्या साडीचा पदर कापताना मात्र हात थरथरला, खरं सांगते.